फराळाच्या ताटात फावोर्की

(मंडळाच्या दिवाळीपूर्व फराळ वर्गात डँडेनॉन्ग येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या पत्रकावर ‘पोलिश शंकरपाळी’ असं छापलंय. हेतू चांगला आहे, पण या पदार्थाला स्वतःचं नाव आहे: फावोर्की. फितीसाठी असलेल्या फ्रेंच शब्दावरून ते आलं. दुसरं नाव ख्रुश्चिकी, म्हणजे वाळक्या काटक्या. खाताना आवाजही तसाच येतो. पोलिश लोक ईस्टरच्या उपवासांआधीच्या ‘लठ्ठ गुरुवारी’ हे तळतात. तिकडे तेव्हा कडाक्याची थंडी, आणि इथे डँडेनॉन्गला भर उन्हाळा. कढईपुढे उभं राहून बघा एकदा!

आता मराठी मंडळात हे कशाला? मी मूळची कोल्हापूरची. लग्नाचे बस्ते बांधायला आम्ही गांधीनगरला जायचो, तुमच्यापैकीही कुणी गेलं असेल. सिंधी निर्वासित तिथे आले फाळणीनंतर. त्याआधी, १९४३ ते १९४८, त्याच वळिवड्याच्या माळावर पोलिश निर्वासितांची छावणी होती. सुमारे पाच हजार माणसं, त्यात बहुतेक बायका-मुलं. सोव्हिएत राजवटीने १९४०-४१ मध्ये पूर्व पोलंडातून सैबेरिया-कझाकस्तानात हाकललेली, मग इराणमार्गे आपल्याकडे आलेली. त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं, दवाखाना होता. हे सगळं मला कळलं डँडेनॉन्गमध्ये, कुंपणापलीकडच्या आजींकडून. त्या सहा वर्षांच्या असताना वळिवड्याला आल्या. छावणी बंद झाल्यावर कुटुंब पूर्व आफ्रिकेत गेलं आणि १९५० साली ‘जनरल लँगफिट’ जहाजाने फ्रीमँटलला उतरलं. पुढे इथल्या कारखान्यातल्या नोकरीमुळे डँडेनॉन्ग. पंचगंगा हा शब्द त्या आजही स्वच्छ उच्चारतात.

फावोर्की त्या आईकडून शिकल्या, आणि आईने भारतात ती केली ती सायीच्या दह्यात, कारण सावर क्रीम मिळणार कुठून! इथे क्रीम मिळायला लागलं तरी आजी दह्यावरच राहिल्या. कृती कागदावर कुठेच नाही. मापं अंड्याच्या अर्ध्या कवचाने. आता त्यांचे मनगट चालत नाही, मुलं-नातवंडं तयार पुडा आणतात (चवीला बरा असतो, पण जाडसर). म्हणून गेल्या हिवाळ्यात मी वजनकाटा घेऊन त्यांच्या ओट्यापाशी बसले. कवचात काय घेतलं की वजन, मग पिठात. त्यांना हा प्रकार फार विनोदी वाटला.

तर लिहून घ्या. मैदा ३०० ग्रॅम, पाच अंड्यांचा पिवळा बलक, सायीचं घट्ट दही चार-पाच मोठे चमचे, चिमूटभर मीठ, अर्धा चमचा साखर, एक मोठा चमचा व्हिनेगर. मूळ कृतीत कडक स्पिरिट असतं. व्हिनेगर पोलिश बायकाही घालतात, तेव्हा संकोच नको. पांढरा बलक घालू नका, चिवट होतं. पिवळ्या बलकातली चरबी म्हणजेच इथलं मोहन. साखर वाढवलीत तर रंग लवकर चढतो.

कमिटीतून सूचना आली होती की अंड्याऐवजी कंडेन्स्ड मिल्क घालावं आणि थोडी बेकिंग पावडर. मला पटत नाही. मग ती शंकरपाळीच झाली, आणि शंकरपाळी आपण आधीच उत्तम करतो! जे अंडं खात नाहीत त्यांच्यासाठी चिरोटे आहेतच. तळणीबाबत मात्र मी बदल केलाय. आजी डुकराच्या चरबीत तळायच्या, आपण तेलात तळू.

खरी मेहनत पुढे आहे. पीठ घट्ट मळून लाटण्याने बदडायचं, घडी घालायची, पुन्हा बदडायचं. पंधरा मिनिटं तरी. उडदाच्या पापडाचं पीठ कुटलेलं असेल त्यांना हे सांगायला नको. चिरोट्याचे पदर साट्यामुळे सुटतात. इथे साटा नाही, घडीत कोंडलेल्या हवेने आणि तळताना झालेल्या वाफेने फोड येतात. मग पीठ अर्धा तास झाकून ठेवा आणि इतकं पातळ लाटा की खालच्या पोळपाटाचा रंग दिसावा. तीन सेंटिमीटर रुंद, बोटापेक्षा थोड्या लांब पट्ट्या कापा, मधोमध चीर द्या आणि एक टोक त्या चिरेतून ओढून घ्या. पहिल्या दोन-तीन फाटतील, त्या पोरांना द्या.

तेल मध्यम तापलेलं, साधारण १७५ अंश. एका बाजूला अर्धं मिनिट, लगेच उलटायचं. रंग फिकट सोनेरी. बदामी झाली की कडवट लागते. कागदावर निथळू द्या, गार झाल्यावरच डब्यात भरा. पिठीसाखर ताटात वाढताना भुरभुरवा, आधी घातली तर मऊ पडतात.

पीठ मी घरून मळून आणलंय, पण बदडायचं बाकी आहे. आजी खिडकीपाशी खुर्चीवर बसल्यात. पुरे झालं की नाही ते त्या आवाजावरून सांगतात, आणि सहसा लवकर सांगत नाहीत. लाटणी टेबलावर आहेत, चार-चार जणींचे गट करा. पुरुष मंडळींनीही यावं, जोर लागतो.