खड्डा खणण्याआधी चालून बघा



दुपारची भांडी उरकून घटकाभर टेकला असाल, तर आज गोबरगॅसविषयी बोलू. गोबरगॅस म्हणजे काय हे आता कुणाला सांगायला नको. गटाच्या बैठकीत विषय निघाला की पहिला प्रश्न येतो, "ताई, अनुदान किती मिळतं?" त्याची चौकशी पंचायत समितीच्या कृषी विभागात जरूर करा. पण मी विचारते, "टाकी कुठे बांधणार?" तेव्हा बहुतेक जणी म्हणतात, "ते घरातली माणसं ठरवतील."

अगं, तू घरातलं माणूस नाहीस का? टाकी एकदा बांधली की उचलून दुसरीकडे ठेवता येत नाही. पुढची कित्येक वर्षं तिच्यात रोज शेण कोण कालवणार? पाणी कोण आणणार? मग जागेच्या बाबतीत तुझा शब्द आधी हवा.

जरा हिशेब करू. पाच-सहा माणसांच्या घराला दोन घनमीटरचा गोबरगॅस पुरतो. त्याला रोज साधारण ५० किलो ताजं शेण लागतं आणि तेवढंच पाणी. म्हणजे रोज १०० किलो ओझं. पाटीत बारा-तेरा किलो शेण धरलं तर शेणाच्या चार खेपा, आणि घागरीनं पाण्याच्या चार. झाल्या आठ. गोठा आणि पाणी टाकीपासून ५० मीटरवर असेल, तर जाऊन-येऊन दिवसाला ८०० मीटर चाल होते. वर्षाची झाली २९२ किलोमीटर! पुण्याहून निघालं तर सोलापूर मागे पडेल. त्यातली निम्मी वाट ओझं घेऊन. हेच अंतर १० मीटर असेल तर वर्षाला ५८ किलोमीटर होतात. चूल सुटली, धूर सुटला, सरपणाची वणवण सुटली आणि बदल्यात ही चाल वाढली, तर काय मिळवलं?

म्हणून पहिली गोष्ट ही लक्षात ठेवा, की गॅस नळीतून आपला आपण जातो, शेण आणि पाणी मात्र कुणीतरी वाहावं लागतं. टाकी गोठ्याजवळ हवी आणि स्वयंपाकघरही जवळ हवं. दोन्ही साधत नसेल, तर गोठ्याकडे झुकतं माप द्या. पण फार लांबही नेऊ नका. नळी जितकी लांब, तितका खर्च जास्त आणि शेगडीपाशी दाब कमी. नळीत पाणीही साचतं. ते काढून टाकायची सोय आणि नळीला उतार, या दोन गोष्टी मिस्त्रीला आठवणीनं सांगा.

दुसरी गोष्ट, ऊन. टाकीतल्या जिवाणूंना ऊब लागते. थंडीत गॅस कमी होतो तो त्यामुळेच. आता सावली नाही म्हणून जागा पक्की करू नका. पौषात सूर्य कलतो, तेव्हा घराची नि गोठ्याची सावली लांब पडते. ती कुठवर येते हे अंगण झाडणाऱ्या बाईला बरोबर ठाऊक असतं. वड, पिंपळ, चिंच यांच्याजवळ तर टाकी नकोच. सावली पडते ती पडते, पण मुळं बांधकामात शिरली तर भेगा पडतात आणि गॅस निसटतो.

तिसरी गोष्ट, पाणी. पिण्याची विहीर किंवा हातपंप टाकीपासून आणि स्लरीच्या खड्ड्यापासून निदान १५ मीटर लांब असावा. पाझर विहिरीत उतरला तर पोरंबाळं आजारी पडतील. आणखी एक, खड्डा खणायचं काम उन्हाळ्यात निघतं, तेव्हा सगळीच जमीन कोरडी दिसते. म्हणून घरातल्या आजीला विचारा, "भाद्रपदात परसात पाणी कुठवर साचतं? विहिरीचं पाणी किती वर येतं?" सखल जागी पावसाचं पाणी टाकीत शिरतं आणि सगळं पातळ होऊन गॅस मंदावतो. कोकणासारख्या धो धो पावसाच्या भागात तर हे आधी बघायचं.

चौथी गोष्ट, माती. मराठवाड्यात, विदर्भात काळी माती. ती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. विटांचा घुमट त्या ओढाताणीत तडकू शकतो. शक्यतो मुरमाची जागा बघा. काळ्या मातीशिवाय इलाज नसेल, तर मुरूम लागेपर्यंत खणायचं का, बाजूनं काय भरायचं, हे कृषी विभागाच्या माणसाला आणि जाणत्या मिस्त्रीला जागेवर आणून विचारा. घराच्या पायाला लागून मात्र खणू नका.

पाचवी गोष्ट, बाहेर पडणारी स्लरी. ती शेताचं सोनं आहे. तिच्यासाठी दोन खड्ड्यांची जागा धरा, म्हणजे एक भरेल तोवर दुसरा सुकेल. तिथवर बैलगाडी जाते का बघा. खड्ड्यांना कुंपण आणि टाकीच्या तोंडावर झाकण हवंच, अंगणात लेकरं खेळतात. आणि साफसफाईसाठीसुद्धा कुणीही टाकीत उतरायचं नाही. आत जीव गुदमरतो.

आता जरा अवघड गोष्ट. जागा कुणाच्या नावावर आहे? परसातली असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना ८ बघा, शेतातली असेल तर सातबारा. दिराच्या वाटणीत टाकी बांधली आणि उद्या वाटण्या झाल्या, की आधी वाट अडते, मग पाणी अडतं, आणि तू पुन्हा चुलीपुढे. एकटी बाई असेल तर हे आणखी जपायचं. सामाईक जागा असेल, तर आज सगळं गोडीत आहे तोवरच सगळ्यांची लेखी संमती घ्या. दोन-तीन घरांनी मिळून टाकी बांधायची असेल, तर शेण कुणी किती द्यायचं आणि स्लरी कुणी किती न्यायची, तेही त्याच कागदावर लिहा.

आणि गुरं मोजताना गोठ्यात पडणारं शेण मोजा. दिवसभर रानात चरणाऱ्या गाईचं निम्मं शेण रानातच राहतं. २५ किलोच मिळत असेल तर एक घनमीटरचा बांधा. मोठी टाकी अर्धपोटी ठेवण्यापेक्षा लहान आणि भरलेली बरी.

शेवटी एक सोपी परीक्षा सांगते. जागा मनात आली की तिथे राखेनं गोल आखा. शेणाची भरलेली पाटी आणि पाण्याची घागर घेऊन आठवडाभर तिथवर चाला. वाट चढाची आहे का, पाय घसरतो का, पहाटे अंधार असतो का, सगळं कळेल. घरातल्या पुरुषमाणसांनाही एक दिवस चालायला लावा. मग चर्चा लवकर संपते, असा माझा अनुभव आहे!

गटात कुणी गोबरगॅस घेणार असेल, तर अर्ज भरण्याआधी चार-पाच जणी मिळून तिच्या परसात जा. ऊन, पाणी, माती, वाट आणि कागद, पाचही बघा. मगच कुदळ मारू द्या.

येते मैत्रिणींनो. नमस्कार!