गाव उठले तरी संसार उठू नये



आज आपण एका अवघड गोष्टीविषयी बोलू. धरणासाठी किंवा तलावासाठी एखादे गाव उठते. तिथली माणसे दुसरीकडे जातात. त्यांचा संसार पुन्हा उभा कसा राहील? त्यासाठी त्यांनी काय करावे आणि आपण शेजाऱ्यांनी काय करावे?

आपल्या बीड जिल्ह्याला हे नवे नाही. पाटोद्याकडच्या डोंगरातून सिंदफणा नदी निघते. माजलगावला तिच्यावर मोठे धरण आहे. ते 1987 साली पुरे झाले. पैठणच्या नाथसागराचे पाणी उजव्या कालव्याने या धरणात येते. केज तालुक्यात धनेगावला मांजरा नदीवर धरण आहे. त्याचे पाणी लातूरपर्यंत जाते. पाणी आले, तसा ऊस आला. पण पाणी साठवायला जागा लागते. ती जागा म्हणजे कुणाचे शेत, कुणाचे घर, कुणाची विहीर. एकाचे रान भिजावे म्हणून दुसऱ्याचे रान बुडाले. हे आपण विसरू नये.

आता 'पुनर्वसन' हा शब्द घ्या. पुनर्वसन म्हणजे पुन्हा वसणे. नवे घर मिळाले की माणूस वसला, असे पुष्कळांना वाटते. पण नुसत्या घराने पोट भरत नाही. घराबरोबर हाताला काम पाहिजे आणि अडीनडीला शेजार पाहिजे. या तिन्ही गोष्टी मिळाल्या, तर माणूस वसला म्हणायचे.

पहिली गोष्ट पैशाची. समजा, एका शेतकऱ्याची चार एकर जमीन बुडाली. त्याला मोबदला मिळाला. एवढी रक्कम त्याने आयुष्यात पाहिली नव्हती. जुने कर्ज फेडले, लेकीचे लग्न केले, मोटारसायकल घेतली. दोन वर्षांत पैसा संपला. बसून खाल्ले तर डोंगरही पुरत नाही. मग दिवाळीच्या सुमाराला मुकादमाची उचल घ्यायची आणि ऊसतोडीला जायचे. नवरा-बायको मिळून एक कोयता. पोरांची शाळा बुडाली. काल जो स्वतःच्या रानात राबत होता, तो आज दुसऱ्याच्या फडात राबतो. धरणात नुसती जमीन बुडाली नाही, संसारही बुडाला.

असे होऊ नये म्हणून राज्यात मोठी चळवळ झाली. डॉ. बाबा आढाव, दत्ता देशमुख अशा कार्यकर्त्यांनी धरणग्रस्तांना एकत्र केले. 'आधी पुनर्वसन, मग धरण' अशी त्यांची मागणी होती. 1976 साली महाराष्ट्राने पुनर्वसनाचा कायदा केला. त्याचे तत्त्व सरळ होते. ज्यांना धरणाचे पाणी मिळणार, त्यांच्यातल्या मोठ्या जमीनवाल्यांकडून काही जमीन घ्यायची आणि ती बुडालेल्यांना द्यायची. पण जमीन पाहिजे असेल तर मोबदल्यातले 65 टक्के सरकारकडे भरायचे, असा नियम होता. पैसा आधीच खर्चून बसलेला माणूस काय भरणार? तेव्हा एवढे ध्यानात धरा. हातात आलेला मोबदला ही कमाई नव्हे, ती आपली जमीनच आहे. आधी त्यातून जमीन, जनावर किंवा धंदा उभा करावा. लग्नकार्य मागून होईल.

दुसरी गोष्ट यादीची. ज्याचे नाव यादीत, त्याला मदत. पण ज्याच्या नावावर सातबाराच नाही, त्याचे काय? मजूर, वाटेकरी, सुतार, लोहार यांचे पोटही त्या गावावरच चालत होते. 2013 साली केंद्र सरकारने भूमिसंपादनाचा नवा कायदा केला. तो 1 जानेवारी 2014 पासून लागू झाला. जमीन घेण्याआधी तीन वर्षे जो त्या गावात राबत होता आणि ज्याची मुख्य कमाई त्यामुळे बुडते, त्याचे कुटुंबही बाधित धरावे, असे हा कायदा सांगतो. विधवा आणि टाकलेली बाई यांचे कुटुंब वेगळे धरावे, असेही त्यात आहे. उठलेल्या कुटुंबाला वर्षभर दरमहा 3,000 रुपये निर्वाहासाठी आणि सामान हलवायला 50,000 रुपये द्यावेत, असे त्यात लिहिले आहे. कारागिराला निदान 25,000 रुपये वेगळे आहेत.

तुम्ही आता वाचायला शिकला आहात. ते इथे कामाला येते. गावात नोटीस लागली की ती स्वतः वाचा. ज्याला येत नाही, त्याला वाचून दाखवा. पहिली अधिसूचना निघाली की हरकत घ्यायला 60 दिवस असतात. मग मोबदल्याचा निवाडा होतो. निवाडा सांगतेवेळी आपण हजर असलो आणि रक्कम कमी वाटली, तर दाद मागायला सहाच आठवडे मिळतात. त्यासाठी 'हरकत राखून रक्कम घेतली' असे लिहूनच सही करावी. तसे लिहिले नाही तर पुढे दाद मागता येत नाही. सरकार थेट खरेदीने जमीन घेत असेल, तर आधी विचारा, 'यात पुनर्वसनाची रक्कम धरली आहे का?' उत्तर कागदावर मागा.

तिसरी गोष्ट शेजाराची. याचा धडा आपल्याला शेजारच्या जिल्ह्यांनी दिला. 30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत भूकंप झाला. उस्मानाबाद म्हणजे आताचे धाराशिव. किल्लारी आणि आजूबाजूची गावे जमीनदोस्त झाली. पुढे 52 गावे नव्या जागी वसवली. घरे पक्की बांधली. पण घराचे माप जमिनीवरून ठरले. भूमिहीनाला आणि थोड्या जमिनीच्या शेतकऱ्याला 250 चौरस फूट, मधल्याला 450, मोठ्याला 750. काही गावांत एका मापाची घरे एकीकडे आणि दुसऱ्या मापाची दुसरीकडे आली. जुनी आळी मोडली. शेते लांब पडली. भिंती पक्क्या झाल्या, पण पीठ उसने मागायला हक्काचे दार राहिले नाही. म्हणून नव्या गावठाणाचा नकाशा येईल तेव्हा ग्रामसभेत बसून तो पाहावा. आळीतली घरे जवळ ठेवायला सांगावे. गोठ्याला आणि कडब्याला जागा आहे का, ते पाहावे. पाणी, शाळा, स्मशानभूमी कुठे आहे, ते बोट ठेवून विचारावे. बायकांना मागे बसवू नका. पाणी किती लांब आहे, हे त्यांनाच आधी कळते.

चौथी गोष्ट कामाची. धरणाने घेतले, तर धरणाकडूनच काही परत मागता येते. पाणी ओसरले की काठाची गाळाची जमीन उघडी पडते. तिला गाळपेर म्हणतात. ती भाडेपट्ट्याने देताना धरणग्रस्ताला आधी विचारतात. धरणात मासे धरायचा हक्क बाधित कुटुंबांना देता येतो, असे 2013 च्या कायद्यात आहे. पण एकट्याने जाळे टाकून भागत नाही. दहा-वीस घरांनी मिळून संस्था काढावी, हिशेब उघडा ठेवावा. प्रकल्पग्रस्ताचा दाखलाही काढून ठेवावा. सरकारी नोकरीत वर्ग तीन आणि चारच्या जागांत प्रकल्पग्रस्तांसाठी 5 टक्के जागा राखून असतात. मात्र हा दाखला घरातल्या एकाच माणसाला मिळतो. तेव्हा तो कुणाच्या नावे करायचा, हे सगळ्यांनी बसून ठरवावे. लेकीचाही विचार करावा.

शेवटची गोष्ट आपल्यासाठी, म्हणजे ज्यांच्या शिवाराजवळ ही नवी वसाहत येते त्यांच्यासाठी. नवी माणसे आली की गावात कुरकुर होते. 'आमचे गायरान गेले, आमच्या पाण्यात वाटेकरी आले.' ही कुरकुर अगदीच खोटी नाही. गायरान खरेच कमी होते. त्यावर उपाय ग्रामसभेत शोधावा, पाणवठ्यावर भांडून नव्हे. त्यांच्या पोरांना शाळेत शेजारी बसवावे. पेरणीला तिफण द्यावी. तलाठ्याकडे जाताना त्यांच्याबरोबर जावे. नव्या मुलखात माणसाला सगळ्यात जास्त ओळखीचा आधार लागतो. तो द्यायला पैसा पडत नाही.

सरकार घर देईल, रस्ता देईल. पण 'या, बसा' हे आपणच म्हणायचे असते. ज्यांनी आपले गाव पाण्याला दिले, त्यांना आपल्या गावात मानाची जागा मिळाली पाहिजे. आज घरी गेल्यावर एवढे करा. आपल्या गावाजवळ अशी वसाहत असेल, तर तिथल्या एका तरी घरी जा आणि विचारा, 'तुमचे कोणते कागद अडले आहेत?' मग तो कागद दोघे मिळून वाचा.