शर्यत आपल्याच घड्याळाशी

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात पालक व विद्यार्थ्यांसमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)





दरवर्षी या व्यासपीठावरून शिक्षणाविषयी विद्वान मंडळी बोलतात. मी खेळाचा माणूस. आज मी सायकलीविषयी बोलणार आहे. आपण म्हणाल, सायकल तर आपल्या मुदखेडात घरोघरी आहे, तिच्यात शिकण्यासारखे काय? पहाटे तोडलेल्या फुलांच्या टोपल्या कॅरिअरला बांधून स्टेशन गाठणारी माणसे आपण रोज पाहतो. परंतु याच सायकलीवर एक खेळ खेळता येतो आणि तो खेळ मुलाला स्वतःशी प्रामाणिक राहायला शिकवतो. त्या खेळाचे नाव वेळेची शर्यत; इंग्रजीत त्याला टाइम ट्रायल म्हणतात.

या खेळाकडे मी कसा वळलो, ते आधी सांगतो. त्यात माझी चूक आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. एका गावी क्रीडाशिक्षक असताना मी मुलांची सायकल शर्यत ठेवली. वीस-बावीस मुले, अरुंद रस्ता, एकच शिट्टी, आणि सगळे एकदम सुटले. पहिल्याच वळणावर दोन सायकली एकमेकींत अडकल्या आणि नववीतल्या एका मुलाचा हात मोडला. त्याचे वडील हातगाडीवर फळे विकत. ते दवाखान्यात आले आणि मला एवढेच म्हणाले, "सर, लेकरू शिकायला पाठवलं होतं, हात मोडून घ्यायला नाही." माझ्याजवळ उत्तर नव्हते. ते बरोबर होते. पुढे वर्षभर मी शर्यतीचे नाव काढले नाही.

नंतर वाचनात आले की असा पेच दुसऱ्या देशात पूर्वी पडलेला होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये सायकलस्वारांचे घोळके भर रस्त्यात शर्यती लावू लागले, तेव्हा लोकांच्या तक्रारी वाढल्या आणि तेथील सायकल संघटनेने रस्त्यावरच्या अशा शर्यतींना मनाई केली. तेव्हा फ्रेडरिक बिडलेक नावाच्या गृहस्थाने एक युक्ती काढली. १८९५ साली ५० मैलांची शर्यत झाली, तिच्यात स्वार एकदम न सोडता ठरावीक अंतराने एकेक सोडले. ज्याचा-त्याचा वेळ वेगळा मोजला. गर्दी नाही, धक्काबुक्की नाही, दुसऱ्याच्या आडोशाने वारा चुकवणे नाही. स्वार, रस्ता आणि घड्याळ, एवढेच.

हे वाचून मी पुन्हा त्या फळवाल्यांकडे गेलो. म्हटले, "या वेळी मुले एकेकटी सुटतील. मी वळणावर उभा राहीन. सुटण्याच्या जागी घड्याळ तुम्ही धरा." ते बराच वेळ गप्प राहिले. पुढच्या रविवारी मात्र आले आणि घड्याळ धरून उभे राहिले. त्या दिवशी त्यांच्या मुलाला पाच किलोमीटरला १३ मिनिटे ४० सेकंद लागले.

आता विद्यार्थी मित्रांनो, हा खेळ सुरू कसा करायचा ते ऐका.

पहिली गोष्ट, नवी महाग सायकल लागत नाही. घरी आहे ती काढा. कॅरिअर, स्टँड, बास्केट ही जादा ओझी उतरवा. चेन पुसून तेल द्या, दोन्ही ब्रेक तपासा, चाकांत हवा पुरेशी भरा. मऊ टायर निम्मा दम खातो. सीटची उंची नीट लावा. सीटवर बसून टाच खालच्या पायडलवर ठेवली असता पाय सरळ झाला पाहिजे. मग चालवताना पंजा पायडलवर आला की गुडघा किंचित वाकलेला राहतो. आपल्याकडे बहुतेक मुले सीट फार खाली ठेवतात आणि गुडघे दुखले की सायकलीला दोष देतात. डोक्यावर हेल्मेट आणि अंगात भडक रंगाचा शर्ट, याला सूट नाही.

दुसरी गोष्ट, रस्ता. पाच किलोमीटर हे अंतर सुरुवातीला चांगले, मग दहा. अडीच किलोमीटर जाऊन वळायचे आणि त्याच रस्त्याने परतायचे, म्हणजे वारा एकदा समोरून व एकदा पाठीवरून मिळतो. रस्ता असा निवडा की मध्ये रेल्वेचे फाटक नसेल, चौक नसेल. आपले गाव जंक्शन आहे. फाटकात अडकलात तर घड्याळ थांबत नाही. उसाच्या दिवसांत ट्रॅक्टर-ट्रॉल्यांचा रस्ता टाळा. वेळ पहाटेची, फजरची नमाज झाल्यावर, पुरते उजाडले की लगेच. उन्हाळ्यात आपल्याकडे आठ वाजताच ऊन चटके देते. एक मोठा माणूस सुटण्याच्या जागी आणि एक वळणावर असलाच पाहिजे.

तिसरी गोष्ट, आणि हीच सर्वांत अवघड. सुरुवातीला स्वतःला आवरायचे. नवा मुलगा सुटताच जीव तोडून पायडल मारतो, दुसऱ्या किलोमीटरला त्याची छाती भरून येते आणि उरलेले अंतर तो कसाबसा ओढतो. अंतराचे तीन भाग करा. पहिल्या भागात "अजून जोर आहे" असे वाटले पाहिजे. दुसऱ्या भागात बोलणे कठीण झाले पाहिजे. तिसऱ्या भागात जे उरले असेल ते सगळे खर्च करायचे. शेवटी काही शिल्लक राहिले तर चुकले, आणि मध्येच संपले तरी चुकले. परीक्षेच्या तीन तासांची वाटणी याहून वेगळी नसते, हे हुशार मुलांच्या लक्षात आलेच असेल.

चौथी गोष्ट वाऱ्याची. वेग दुप्पट झाला तर हवेचा अडथळा चौपट होतो आणि त्याच्याशी झुंजायला लागणारी शक्ती आठपट. म्हणून छाती ताठ ठेवून चालवणारा आपली बरीच ताकद हवेला देऊन टाकतो. कोपर वाकवा, पाठ खाली घ्या, पण नजर रस्त्यावरच ठेवा. याचा पुरावा १९८९ साली पॅरिसमध्ये मिळाला. टूर द फ्रान्सच्या शेवटच्या दिवशी २४.५ किलोमीटरची वेळेची शर्यत होती. अमेरिकेचा ग्रेग लेमाँड फ्रान्सच्या लोराँ फिन्योंपेक्षा ५० सेकंदांनी मागे होता. लेमाँडने हँडलला पुढे जोड लावून हात जवळ घेतले होते आणि डोक्यावर निमुळते हेल्मेट घातले होते. फिन्यों उघड्या डोक्याने, मोकळी शेंडी उडवत गेला. तीन हजारांहून अधिक किलोमीटरच्या त्या स्पर्धेचा निकाल अवघ्या ८ सेकंदांनी लागला, आणि लेमाँड जिंकला.

सराव किती करावा? आठवड्यात चार दिवस पुरे. एक दिवस सावकाश, तासभर किंवा अधिक. एक दिवस पंधरा मिनिटे अंग गरम करून मग चार मिनिटे जोरात, चार मिनिटे हळू, असे चार वेळा. एक दिवस मध्यम जोराने वीस मिनिटे न थांबता. एक दिवस नुसती रमतगमत फेरी. बाकीचे दिवस विश्रांती. ताकद झोपेत वाढते. वेळेची चाचणी रोज घेऊ नका, तीन-चार आठवड्यांनी एकदा घ्या. खाण्यात बाजारच्या डब्यातली पावडर नको. भाकरी, डाळ, अंडे, शेंगदाणे-गूळ आणि आपल्याच भागातली केळी पुष्कळ आहेत. चाचणीच्या दोन तास आधी पोट भरून खाऊ नका. रमजानमध्ये चाचणी आणि जोराचा सराव दोन्ही बंद. इफ्तारनंतर हलकी फेरी मारली तरी चालते. ताप, चक्कर किंवा छातीत दुखत असेल तर सायकलीला हात लावू नका आणि डॉक्टरांना दाखवा.

आणि एक वही ठेवा. तारीख, अंतर, वेळ, वारा कोणत्या दिशेचा, रात्री झोप किती झाली, एवढेच लिहा. दहा किलोमीटरला २४ मिनिटे लागली तर वेग ताशी २५ किलोमीटर झाला. २० मिनिटांत पोचलात तर ताशी ३०. शेजारच्या मुलाचा वेळ या वहीत लिहायचा नाही.

पालकांनो, याच ठिकाणी मला तुमच्याशी बोलायचे आहे. निकालाच्या दिवशी आपण मुलाला पहिला प्रश्न विचारतो, "अमक्याच्या मुलाला किती मिळाले?" मुलगा मागच्या वेळेपेक्षा किती पुढे आला, हे विचारायचे राहून जाते. त्या फळवाल्यांच्या मुलाने कधीही पहिला क्रमांक काढला नाही. परंतु चार महिन्यांनी त्याच पाच किलोमीटरला त्याला ११ मिनिटे ५० सेकंद लागले. ताशी २२ किलोमीटरवरून तो २५ वर आला होता. वडिलांनी घड्याळ दोनदा पाहिले, मग माझ्या हातात दिले आणि म्हणाले, "सर, हे बरोबर चालतं ना?" गणितात काठावर पास होणारा तो मुलगा त्या वर्षी गणितासाठीही एक वही ठेवू लागला.

आता मुलींविषयी. आपल्या मराठवाड्यातील अनेक तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमातून शाळेत जाणाऱ्या मुलींना सायकली मिळाल्या आहेत. पुष्कळ घरांत दहावी झाली की ती सायकल भावाकडे जाते. २०२० साली गुवाहाटीला झालेल्या खेलो इंडिया स्पर्धेत कोल्हापूर जिल्ह्यातील पूजा दानोळे हिने सायकलिंगमध्ये सुवर्णपदके मिळवली. तीही महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातलीच मुलगी.

दुसरे नाव मासूमा अलीजादा हिचे. अफगाणिस्तानची ही मुलगी. मुलीने सायकल चालवावी हे तेथे अनेकांना मान्य नव्हते. तिला देश सोडावा लागला. फ्रान्समध्ये आसरा मिळाल्यावर तिने स्थापत्य अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले आणि सरावही चालू ठेवला. २०२१ साली टोकिओ ऑलिंपिकमध्ये निर्वासितांच्या संघातून ती वेळेच्या शर्यतीत उतरली. डोक्याला रुमाल, त्यावर हेल्मेट, आणि २२.१ किलोमीटर अंतर. मुदखेडहून नांदेड साधारण तेवढेच दूर आहे. पंचवीस जणींत ती पंचविसावी आली. पण पुढे २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्याच निर्वासित संघाचे प्रमुखपद तिच्याकडे आले. तिचा फक्त क्रमांक पाहणाऱ्याला ती हरलेली दिसेल. ती सुटली कुठून, हे ज्याला ठाऊक आहे तो तसे म्हणणार नाही.

ज्यांना पुढे जायचे असेल त्यांनी नांदेडच्या जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात शालेय स्पर्धांची चौकशी करावी. पुण्याला बालेवाडीत सायकलिंगची खास धावपट्टी आहे, आणि जानेवारी २०२६ मध्ये पुण्यात झालेल्या आंतरराष्ट्रीय सायकल स्पर्धेची सुरुवात छोट्या अंतराच्या वेळेच्या शर्यतीनेच झाली. वाट आहे, ती लांब आहे एवढेच.

माझे मागणे थोडे आहे. मुलांनो, एक वही घ्या. पालकांनो, एका रविवारी पहाटे तुम्ही घड्याळ घेऊन रस्त्याच्या कडेला उभे राहा. मुलगा असो की मुलगी, ते परत येईल तेव्हा कितवा आला हे विचारू नका. मागच्या वेळी किती लागले होते आणि आज किती लागले, एवढेच विचारा.