बाई परीक्षेला बसतात तेव्हा

(अकोला येथे स्त्री-संघटनांच्या कार्यकर्त्यांसमोर केलेले भाषण)



शिबिराला खोली हवी असो, पोस्टर लिहायचं असो की कुणाचा अर्ज भरायचा असो, आपण शाळेतल्या बाईंकडे जातो. आज त्या बाईंविषयी बोलायचं आहे.

१ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या, निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक अवकाश असलेल्या शिक्षकांनी दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी, उत्तीर्ण व्हावी. नाहीतर नोकरी सोडावी. (अल्पसंख्याक शाळांचा प्रश्न मोठ्या खंडपीठाकडे गेला.) राज्यात ही परीक्षा २०१३ पासून आहे, त्याआधी लागलेल्यांना ती आता आडवी आली. १५० प्रश्न, १५० मिनिटं, खुल्या वर्गाला ९० गुण हवेत. डी.एड. होऊन वीस वर्षं झालेली बाई एकदम विद्यार्थिनी झाली.

बाळापूर, पातूर, बार्शीटाकळीकडे रोज एसटीने जाऊन-येऊन करणाऱ्या अशा कितीतरी जणींशी मी बोलले. त्यांचा अभ्यास भांडी आवरल्यावर, रात्री दहानंतर सुरू होतो. नवराबायको दोघंही शिक्षक असतील तर परीक्षा दोघांना एकच. पण एक बाई म्हणाल्या, "ते अभ्यासाले बसले की घर चूप. मी बसली की पोराले भूक लागते."

आणि अभ्यास कशाचा? पियाजे, वायगॉट्स्की, कोहलबर्ग यांची नावं आणि टप्पे पाठ करायचे. समोर रोज तीस लेकरं असतात, त्यांच्याबद्दल या बाईंना जे कळतं ते चार पर्यायांत बसत नाही.

दुसऱ्या एक बाई पंधरा वर्षं पहिली-दुसरीलाच शिकवतात. गणित त्या बारावीतल्या मुलाकडून शिकत होत्या. त्या सांगत होत्या, "त्यानं इचारलं, समजलं काय? मले काहीच समजलं नाई, तरी म्या हो म्हटलं. तो घाईत होता, अन् मले लाज वाटली. मंग वर्ग आठवला. माह्या साऱ्या पोरी रोज हो म्हणतात." तेव्हापासून त्या वर्गात "समजलं का?" विचारत नाहीत. पाटी पुढे करतात, करून दाखव म्हणतात. इतक्या वर्षांच्या प्रशिक्षणांत हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. तिथेही शेवटी "समजलं का?" विचारायचे, आणि सगळ्या शिक्षिका हो म्हणायच्या!

म्हणून मी या सक्तीचं कौतुक करणार नाही. नोकरी जाण्याच्या भीतीने माणूस गोल रंगवायला शिकतो, एवढंच. सावित्रीबाईंनीही अहमदनगरला फरारबाईंकडे आणि पुण्यात मिचेलबाईंकडे अध्यापनाचे धडे घेतले होते. शिक्षिकेने शिकण्यात कमीपणा नाही. पण त्यासाठी दिवसातला वेळ लागतो, सोबत लागते. मतदार याद्या आणि सर्वेक्षणं पाठीशी लावून वर परीक्षा द्या म्हणणं, याला मी शिकणं म्हणत नाही. अभ्यासासाठी भरपगारी रजेची मागणी शिक्षक संघटनांनी करावी, आणि आपण त्यांच्यासोबत उभं राहावं.

तोवर आपल्या कार्यालयाची मागची खोली रविवारी दुपारी रिकामी असते. गणित आणि इंग्रजी शिकवायला कॉलेजच्या दोन मुली तयार आहेत. चहा आपला, सतरंज्या आपल्या. बायांची लहान लेकरं त्या तीन तासांत सांभाळायला मात्र चौघीजणी हव्यात. नावं आजच लिहून द्या.