वस्तऱ्याचा शेवटचा दगड



कामगार संघटनेचा माणूस व्यासपीठावर आला की आता बोनस आणि महागाईभत्ता ऐकावा लागणार, अशी श्रोत्यांची मनाची तयारी असते. आज तसे काही नाही. वस्तऱ्याला शेवटची धार ज्या दगडावर देतात, त्या दगडाविषयी मी बोलणार आहे. चालकांना हा विषय कळविला तेव्हा ते क्षणभर थांबले आणि मग "बरं" म्हणाले. त्या "बरं"बद्दल मी त्यांचा आभारी आहे.

माझे वडील न्हावी. आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू. त्यांच्या धोकटीत बोटाएवढ्या जाडीचा, पाटीसारखा सपाट, करडा दगड असे. त्याला ते आम्हां पोरांना हात लावू देत नसत. मी शाळा सोडून 1987 साली एका कारखान्यात घासकामाच्या खात्यात लागलो. तिथे चाकांवर आकडे असत: 46, 60, फार तर 80. आकडा मोठा तितका दाणा बारीक, एवढे मला आठवड्याभरात कळले आणि मी शहाणा झालो. पहिला पगार झाला तेव्हा बाजारातून अण्णांसाठी एक काळा कार्बोरंडमचा दगड आणला. त्यावर 600 हा आकडा होता. साठाच्या चाकावर काम करणाऱ्याला सहाशे म्हणजे लोणीच वाटणार!

पोराने पहिल्या पगारातून आणलेला दगड म्हणून अण्णांनी त्यावर वस्तरा फिरवला. त्या रविवारी खुर्चीवर एक निवृत्त मास्तर होते. बारा-तेरा वर्षांचे गिऱ्हाईक. अर्धा गाल होईतो मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आले आणि हनुवटीवर बारीक बारीक रक्ताचे ठिपके उमटले. अण्णांनी तुरटी फिरवली. मास्तर काही बोलले नाहीत. पैसे देऊन गेले, ते पुन्हा आले नाहीत. अण्णा मला रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "दगडावर काय लिहिलंय ते मला नको सांगू. गाल काय म्हणतो ते बघ."

त्या सहाशेचा अर्थ मला पुढे पुस्तकांतून कळला. मिलिमीटरच्या हजाराव्या भागाला मायक्रॉन म्हणतात. युरोपीय मोजणीत 600 आकड्याचा दाणा सरासरी 9 मायक्रॉनांचा असतो. वस्तऱ्याच्या शेवटच्या दगडाला तो फार जाड. त्यावर धार करवतीसारखी होते. जपानी मोजणीतला 8000 चा दाणा साधारण सव्वा मायक्रॉनाचा, आणि तो या कामाला चालतो. पण मौज अशी की युरोपीय 1200 आणि जपानी 4000 या दोन्हींचा दाणा सारखाच, 3 मायक्रॉनांचा! म्हणजे दुकानदार आकडा सांगू लागला की आधी विचारायचे, हा आकडा कोणाच्या मोजणीतला? पगारवाढीची टक्केवारी सांगणाऱ्या मालकाला आम्ही हेच विचारतो: टक्के कशाचे, मूळ वेतनाचे की एकूणाचे?

आता खाणीतून निघणाऱ्या दगडांवर तर आकडाच नसतो. जहाजावर नोकरी करणाऱ्या एका मित्राने मला बेल्जियमचा पिवळा दगड आणून दिला. त्याला कोटिक्यूल म्हणतात. आर्देन्सच्या डोंगराळ मुलखात, व्हिएल्साम गावाच्या आसपास तो निळसर-जांभळ्या पाटीच्या दगडात पिवळ्या पट्ट्यांच्या रूपाने सापडतो. पट्टा बहुधा काही सेंटिमीटरच जाड आणि ठिसूळ, म्हणून त्याला खालून पाटीच्या दगडाचा आधार चिकटवतात. त्यात गार्नेटचे, म्हणजे आपल्या तामड्याचे, बारीक कण खच्चून भरलेले असतात. हे कण 5 ते 15 मायक्रॉनांचे. माझ्या त्या नतद्रष्ट काळ्या दगडाच्या दाण्याएवढेच! मग हा दगड गालाला मऊ धार कशी देतो? कारण कार्बोरंडमचा दाणा फुटक्या काचेसारखा टोकदार, तर तामड्याचा कण बहुपैलू, जवळजवळ गोल. तो पोलादात खोल रुतत नाही, वरवर खरवडतो. हे वाचले त्या रात्री मला अण्णांच्या बोलण्याची आठवण झाली.

हा दगड वापरायची रीत अशी. त्याच जातीच्या लहान तुकड्याने वर थोडे पाणी घालून घासले की दुधासारखा चिखल होतो. चिखलात दगड भराभर कापतो. पण सुटे कण धारेवर आपटून तिला बोथटही करतात. म्हणून थेंब थेंब पाणी घालत चिखल पातळ करीत जायचे आणि शेवटचे हात निव्वळ पाण्यावर मारायचे. वस्तऱ्याची पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकलेली हवीत; कोन पाठच राखते. दगडावर धार पुढे चालते, चामड्याच्या पट्ट्यावर पाठ पुढे. उलट केलेत तर पट्टा कापला जाईल. हाताचे वजन जवळजवळ नकोच.

पाण्यावरून आठवले. पहिल्या शतकातल्या रोमन प्लिनीने धारेच्या दगडांची यादी करताना, न्हाव्यांच्या दुकानातले दगड थुंकीवर चालतात अशी नोंद केली आहे. तुम्ही पाणीच वापरा.

मग घ्यावा कोणता? एकच वस्तरा असेल आणि हात नवा असेल, तर जपानी मोजणीतला 8000 ते 12000 चा कृत्रिम दगड घ्यावा, हे माझे स्पष्ट मत. तो दर वेळी सारखा वागतो. चूक झाली तर ती आपल्या हाताची, हे तरी कळते. अमेरिकेतला आर्कान्सा दगड जवळजवळ शुद्ध गारेचा, अतिशय कठीण. तो फार सावकाश काम करतो, ज्याला सवड आहे त्याने घ्यावा. क्योटोकडचे खाणीतले दगड नामांकित खरे, पण एकासारखा दुसरा नसतो आणि किमती ऐकून दाढी वाढवावीशी वाटते. कोणताही घेतला तरी पाते दात्रे पडलेले असेल तर शेवटचा दगड ते दुरुस्त करणार नाही. आणि पट्ट्यावर काम भागत असेल तर दगडाला हातच लावू नये.

दगड सपाट करताना मात्र तो ओला ठेवा. हे मी संघटनेचा माणूस म्हणून सांगतो आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या शेफील्डला जेवणाचे काटे घासणारे कामगार कोरड्या वालुकाश्माच्या चाकावर काम करीत. त्यांतले पुष्कळ तिशीच्या आसपासच छातीच्या विकाराने मरत. आमच्या खात्यातही धूळ ओढून घेणारा पंखा नव्हता. माझ्या शेजारच्या चाकावरचा जोडीदार खोकत खोकत घरी बसला. त्याच्या भरपाईचा अर्ज लिहायला मी बसलो, आणि संघटनेत शिरलो तो असा.

आता सलूनमध्ये प्रत्येक गिऱ्हाइकाला नवे पाते लावतात. रोगांचा विचार करता ते योग्यच आहे. माझे हे सांगणे घरी स्वतःची दाढी करणाऱ्यांपुरते. अण्णा 2004 साली गेले. त्यांचा वस्तरा मी वापरतो. करडा दगड धाकट्या भावाकडे आहे, तोही कोणाला हात लावू देत नाही. पिवळा दगड, तो काळा सहाशेचा आणि वस्तरा बाहेर टेबलावर ठेवला आहे. दगड ज्यांना पाहायचे असतील त्यांनी अवश्य हातात घेऊन पाहावेत. वस्तरा मी स्वतः उघडून दाखवीन.