ऊसतळावरची मुले आणि आपले मंडळ

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



हळदीकुंकवाआधीची पंधरा मिनिटे मला दिली आहेत. विषय मुद्दामच आपल्या दाराशी असलेला घेतला आहे. दिवाळी सरली की कारखान्याच्या पिछाडीस कोप्यांचा तळ पडतो. बीड, जालना भागांतून ऊसतोडीला माणसे येतात आणि उन्हाळा लागता लागता परत जातात. बरोबर मुलेही येतात. शाळेचे अर्धे वर्ष त्यांचे इथेच सरते.

मुकादम उचल देतो ती नवराबायकोच्या जोडीला. या जोडीलाच ‘कोयता’ म्हणतात. मजुरी टनावर. तेव्हा मुलाने वाढे गोळा केले, मोळी बांधायला हात लावला, तरी त्याचे नाव कुठल्याच हजेरीत येत नाही. मुलींचे काम तर आणखीच झाकलेले. आई पहाटे फडात गेली की नऊ-दहा वर्षांची मुलगी धाकट्याला सांभाळते, पाणी भरते, भाकरी थापते. तळावर एकीला मी विचारले, “पोरीला शाळेत का गं धाडत नाहीस?” ती म्हणाली, “बाई, हिला धाडली तर ह्याला कुणाच्या मांडीवर ठिवू?”

यात तिचे चुकले कुठे? मुलीच्या शाळेआधी बाळाच्या पाळण्याची सोय हवी. ठाणे जिल्ह्यातल्या (आता पालघर) कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी हे फार पूर्वी ओळखले होते. गुरे राखणारी मुले शाळेत येईनात, तेव्हा त्यांनी शाळाच कुरणात नेली. तिला नावही कुरणशाळा!

आपल्यापैकी काहीजणी म्हणतील, गरिबाच्या मुलाने चार पैसे मिळवले तर बिघडले कुठे? हा आक्षेप जुना आहे. १९११ साली नामदार गोखल्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले, तेव्हाही विरोध झालाच आणि १९१२ साली ते फेटाळले गेले. (तेही प्रथम मुलांपुरतेच होते, मुलींचे पुढे पाहू म्हणून!) पण शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात कायदा केलाच, आणि मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला. अलीकडे आंध्रातल्या (आता तेलंगणातल्या) रंगारेड्डी जिल्ह्यात शांता सिन्हा यांच्या संस्थेने १९९१ पासून गावोगाव हेच काम केले. त्यांचे म्हणणे सरळ आहे: जे मूल शाळेत नाही, ते कामावर आहे असेच धरा. मोठी झालेली मुले एकदम वर्गात बसत नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी त्यांनी आधी शिबिरे भरवली. पुढे २००३ साली शांताबाईंना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

आता कायद्याचे. १ एप्रिल २०१० पासून सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क आहे. गेल्या हंगामात आपल्या गावातल्या एका शाळेत चार मुली घेऊन मी गेले. मुख्याध्यापक म्हणाले, “दाखला आणा, आणि ही मार्चात जाणारच, मग आमचा पट बिघडतो.” मी त्यांना कायदा वाचून दाखवला. दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही, वयाचा पुरावा नाही म्हणूनही नाही, आणि वर्ष मध्यावर असले तरी घ्यावेच लागते. शिवाय वयाला साजेशा वर्गातच बसवायचे. चौघी बसल्या. त्यातली एक आता मला रस्त्यात पाढे म्हणून दाखवते, चुकत चुकत.

एक पळवाटही सांगून ठेवते. २०१६ साली कायदा बदलला. चौदा वर्षांखालच्या मुलाला कुठल्याच कामावर ठेवता येत नाही, पण शाळेची वेळ सोडून घरच्यांना मदत चालते. तळावर ही ‘मदत’ पहाटेपासून रात्रीपर्यंत चालते, तेव्हा हा मुद्दा मुकादमापुढे आपणच काढला पाहिजे. आणि भगिनींनो, आपल्या स्वतःच्या घरी भांड्यांना, बाळ खेळवायला अशी एखादी पोर ठेवलेली असेल, तर तळावर जायच्या आधी तिचे नाव शाळेत घालून या.

सोमवारी दुपारी तीनला मंडळाच्या दालनातून निघायचे आहे. दोघीदोघींनी एकेक ओळ घ्यावी, मुलांची नावे, वये आणि गावची शाळा लिहून आणावी. पाळणाघरासाठी कारखान्याकडे जागा मागितली आहे. ती मिळेपर्यंत जुन्या साड्या झोळ्यांना चालतील, तेवढ्या येताना आणा.