भाचीसाठी संगणक

अकरावीतल्या भाचीसाठी सुटे भाग घेऊन संगणक जोडायचा, तर दुकानदार आधी ग्राफिक्स कार्ड पुढे करील. ते नको. अर्ज, टंकलेखन, व्हिडिओवरचे धडे एवढ्याला प्रोसेसरमधलेच ग्राफिक्स पुरते. मात्र इंटेलच्या क्रमांकाअखेर 'एफ' असेल तर त्यात ते नसते, हे पाहून घ्या.

वाचलेला पैसा एसएसडीत घाला. हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते नि टोक जागा शोधत बसते. एसएसडीत हलणारे काहीच नाही, म्हणून संगणक चटकन सुरू होतो. २५६ जीबी पुष्कळ. रॅम ८ जीबी घ्या. विंडोज ११ किमान ४ जीबीवर चालते खरे, पण रखडत.

मॉनिटर जुना चालेल. पॉवर सप्लाय मात्र बिननावाचा कदापि नको. तो जळताना मदरबोर्डही सोबत नेऊ शकतो, आणि हे पैसे तिच्या आईने शिवणकाम करून साठवलेले असतात.